वेशीखालचे आधार

नवरदेव वेशीतूनच गावात आला पाहिजे, हा आमच्या गावचा हट्ट. वेस बहामनी काळातली. बांधली सुलतानांनी, नारळ फोडतो आम्ही. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. यंदा मात्र तिची टोकदार कमान उतरवून नव्यानं रचली होती. गूळ, हिरडा, बेलफळ घालून मळलेला चुना सांध्यांत भरला होता. चुना म्हणजे सिमेंट नव्हे, त्याला घाई चालत नाही. तो मुरेपर्यंत कमानीखालचे लाकडी आधार हलवायचे नाहीत, असं कामावरच्या इंजिनिअर ऋतुजा मॅडमनी बजावलं होतं.

कमान रचणाऱ्या आसाराम गवंड्याला हे काय सांगायला हवं? पण त्याच्याच मुलीचं, करिष्माचं लग्न निघालं आणि कडा गावचे व्याही अडून बसले. "आमचा नवरदेव काय चोरावाणी मागच्या वाटंनं येईल?"

आसाराम विरघळला. म्हातारा राखणदार गहिनीनाथ याच्याकडून त्यानं कामाभोवतीच्या कुंपणाच्या कुलपाची चावी मागून घेतली आणि लग्नाच्या सकाळी आधार काढले. वरात वाजतगाजत वेशीतून आत आली. व्याही खूश.

पाठवणी झाली आणि संध्याकाळी कमान खचली. माथ्याचे दगड खाली आले. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

मॅडमनी गहिनीनाथला कामावरून काढलं. "आधार मीच काढले," असं त्यानं सांगून टाकलं होतं.

"कावून, मामा?" आसारामनं त्याला गाठून विचारलं.

"तुझं नाव निघालं तर लग्नाचंबी निघंल. मग कड्यात म्हणतील, पोरीचा पायगुण वाईट, ती निघाली अन् वेस पडली. महं काय, मी म्हातारा माणूस."

ऐकून आसारामला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटकेचीच त्याला किळस आली. रात्री भाकर गोड लागली नाही.

सकाळी मॅडमनी चावी त्याच्यापुढे धरली. "आता तुमच्यावरच भरवसा आहे, आसारामभाऊ."

त्यानं हात पुढे केला नाही. "आधार म्या काढलते, मॅडम. नवरदेवासाठी. मामाला परत बोलवा."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. करिष्मा होती.

"आप्पा, इकडं समदे म्हणतेत वेस पडली. महा पायगुण वाईट हाय का वो?"

"न्हाई बाई," तो म्हणाला, "तुझ्या बापानं पाडली ती. तुझ्या सासूकडं फोन दे."