सर्जेरावांचा खांदा

“तुमचा हात दिसत नाही. कृपया थोडे मागे या,” मोबाइलमधली बाई म्हणाली.

सर्जेराव मागे सरले. पाठ फ्रिजला लागली.

“अजून थोडे मागे या.”

“फ्रिजात जाऊन बसू का मंग?” सर्जेराव ओरडले.

ओट्याशी कणीक मळणारी त्यांची बायको बेबीनंदा हसली. “तिच्यावर काउन चिडून राह्यले? मशीन हाय ती.”

जुन्या जालन्यातल्या एका साड्यांच्या दुकानात सर्जेरावांची सारी हयात गेली होती. उजव्या हाताने घडी झटक्यात उलगडायची, पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा आणि गिऱ्हाइकासमोर असं वळायचं, की बायका किंमत विचारायला विसरत. सर्जेरावांच्या अंगावर साडी जशी दिसते तशी नवरीच्याही अंगावर दिसत नाही, असं शेठ चारचौघांत सांगायचे. दिवाळी झाली आणि तो उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शेठने त्यांना टॉवेल-बनियनच्या काउंटरवर बसवलं. “डॉक्टरीणबाई हो म्हणल्या की साडीला हात लावायचा,” ते म्हणाले. बनियन काही कुणाला खांद्यावर टाकून दाखवता येत नव्हतं.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर चिन्मयी यांनी सर्जेरावांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं होतं. रोज कॅमेऱ्यासमोर हात वर करायचा. तो किती वर गेला ते मोबाइल मोजणार. फोटो कुठेच जाणार नाही, नुसता आलेख डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर दिसणार.

व्यायामाने खांद्यात कळ यायची. आठवडाही झाला नाही आणि सर्जेरावांना युक्ती सुचली.

“तू उभी राह्य जरा इथं.”

“मी?”

“तिला तोंड वळखू येत न्हाई. हातच पाह्यते ती.”

“आन् डॉक्टरीणबाईला कळलं तर?”

“बिलकुल न्हाई. तिकडं नुसती रेघ जाते.”

“अहो, पण माझा हात...” बेबीनंदा म्हणाली. तोवर सर्जेराव पेपर घेऊन अंगणात पोचले होते.

मग हे रोजचंच झालं. आत मोबाइलमधली बाई “छान! अजून थोडा वर!” म्हणायची आणि बाहेर सर्जेराव चहाचा घोट घेत समाधानाने मान हलवायचे. ते कौतुक आपलंच आहे असं त्यांना हळूहळू खरंच वाटू लागलं. दुकानातही ते सांगू लागले, “मोबाइल म्हणतो, लई फरक हाय.”

तपासणीच्या दिवशी ते ठेवणीतला शर्ट घालून गेले. बरोबर बेबीनंदा होती. डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

“काका, कमाल केलीत. नेमानं व्यायाम करणारे पेशंट फार कमी बघते मी. हे बघा, सुरुवातीला हात जेमतेम खांद्यापर्यंत येत होता. अगदी अडकलेला. आणि आता पार कानाला लागतोय! दाखवा बरं.”

सर्जेरावांनी हात उचलला. तो खांद्यापाशी येऊन थांबला.

“अजून.”

“आज जरा... थंडी हाय ना,” सर्जेराव म्हणाले.

बाहेर ऊन रखरखत होतं. डॉक्टरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. “मग हा आलेख कुणाचा?”

बेबीनंदाने पदर सावरला. “माझा,” ती हळूच म्हणाली.

डॉक्टरांना हसू आवरेना. सर्जेरावही ओशाळून हसले. पण त्यांची नजर त्या रेघेवरून हलेना. रेघ तळापासून हळूहळू चढत गेली होती. त्यांच्या जागी धडधाकट बाईने हात वर केला असता तर त्याच दिवशी ती एकदम वर उडायला हवी होती.

“तुहा खांदा दुखत होता?” त्यांनी विचारलं.

“लई दिसांपासून.”

“मंग बोलली काउन न्हाई?”

“बोलले की. तुम्ही म्हणले, मलम लाव.” ती डॉक्टरांकडे वळली. “वरच्या फळीवरचे डबे खाली मांडले मी, तवा हे म्हणले, घराचा बाजार करून ठेवला.”

डॉक्टरांनी बेबीनंदाला खुर्चीवर बसवलं आणि तिचा खांदा तपासायला घेतला. सर्जेराव तिची पिशवी धरून उभे राहिले.

बेबीनंदानेही व्यायाम थांबवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळी दोघं मोबाइलसमोर उभे राहिले.

“दोन व्यक्ती दिसत आहेत. कृपया एकानेच समोर थांबावे.”

“तुम्ही करा,” बेबीनंदा म्हणाली. “शेठ किती दिस थांबतील?”

“बनियन इकतो काही दिस. तू कर आधी.”

ते बाजूला झाले. बेबीनंदाने हात उचलला. हिरव्या बांगड्या खळकन कोपराकडे घसरल्या आणि हात सरळ छताकडे गेला. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने भिंतीला टेकून सर्जेरावांनीही आपला हात उचलला. तो खांद्यापाशी अडला. दातओठ खात त्यांनी तो तसाच धरून ठेवला, तिचा हात खाली येईपर्यंत.