तिसऱ्या ठाण्यावरची सही

नळदुर्गच्या उर्दू शाळेतला गफार मास्तर रोज पहाटे अणदूरच्या रस्त्यानं धावायचा. पहिल्या वर्षी गाव हसलं, दुसऱ्या वर्षी गावाला त्याची सवय झाली. सत्तावीस वर्षांचा बायकोमुलांचा माणूस गुडघ्याच्या वरची खाकी चड्डी घालून कुणी पाठीस लागल्यासारखा पळतो, म्हणजे डोक्यात काहीतरी सटकलेलं असणार, असं लोक म्हणत. तो तापट होता हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची बायको सायराबी म्हणायची, "पळू द्या त्यांना. पळून आले की घरात जरा शांती असते."

तो पळायचा तो तुळजापूरच्या नकाशा-शर्यतीसाठी. पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार ज्ञानोबा यांनी तिथल्या बालाघाट क्रीडा मंडळात ही शर्यत सुरू केली होती. प्रत्येकाच्या हातात डोंगराचा हातानं काढलेला नकाशा आणि एक होकायंत्र द्यायचं. नकाशावर पाच लाल वर्तुळं. प्रत्यक्षात त्या जागी मंडळाचा एकेक माणूस वही घेऊन बसलेला. तिथं पोचायचं, वहीत सही करायची आणि पुढं निघायचं. वाट कुठली ते कुणी सांगायचं नाही. पाची ठाणी करून जो कमी वेळात परत येईल तो पहिला.

साठ सालच्या जानेवारीत गफार तिसरा आला होता. नकाशा त्याच्या रक्तात होता. त्याचे वडील बाबामियाँ निजामाच्या काळापासून मोजणी खात्यात साखळी ओढत आलेले. जमीन बघून कागद सांगायचे आणि कागद बघून जमीन. पण गफारचा दम कमी पडला. शेवटच्या चढाला दोघे त्याला ओलांडून गेले. अणदूरच्या मराठी शाळेवर शिकवणाऱ्या कल्याणप्पाचं नेमकं उलटं झालं. दम सांडासारखा, पण तिसऱ्या ठाण्याला चुकीच्या घळीत उतरला आणि नववा आला.

"गफारभाई," परतीच्या मोटारीत तो म्हणाला, "तुमी मला कागद वाचाय शिकवा, मी तुमाला पळाय शिकवतो."

तेव्हापासून दोघं रोज पहाटे अर्ध्या वाटेवरच्या पुलाशी भेटायचे. कल्याणप्पा त्याला चढावर पळवायचा, खाली चालत यायला लावायचा, पुन्हा पळवायचा. गफार ओकायचा, शिव्या द्यायचा आणि पुन्हा चढायचा. रविवारी कल्याणप्पा नळदुर्गला यायचा. त्याला नकाशातल्या उंचीच्या रेघा काही केल्या कळेनात, तेव्हा बाबामियाँनी सायराबीकडून मळलेली कणीक मागून घेतली, परातीत तिचा डोंगर केला आणि दोऱ्यानं आडवा कापत गेले. एकेक चकती कागदावर ठेवून तिच्या कडेनं पेन्सिल फिरवली.

"बघा मास्तर. रेघा जवळ जवळ आल्या की कडा. लांब लांब गेल्या की माळ. आणि एकाच रेघेवरून चालत राहिलात, तर ना चढ ना उतार. लोक सरळ जातात न् मरतात. रेघेवरनं जाणारा पोचतो."

कल्याणप्पानं एक चकती उचलून तिच्या रेघेवर परत बसवली. मग म्हणाला, "आजवर मला कुणी हे सांगितलं न्हाय बगा."

एकसष्टच्या जानेवारीत शर्यत लागली तेव्हा गफार तयार होता. दर पाच मिनिटांनी एकेक जण सोडत होते. तो चौथा सुटला, कल्याणप्पा सातवा. थंडी होती, माळावरचं गवत कोरडं पडलेलं. पहिली दोन ठाणी त्यानं न थांबता केली. दोन्हीकडं वहीत सही केली. उर्दूत, जशी तो आयुष्यभर करत आला होता तशी. वहीवाल्यानं वेळ लिहिली आणि हात हलवला.

तिसरं ठाणं दोन ओढ्यांच्या मिळणीवर होतं. बाकीचे सरळ घळीत उतरले होते, त्यांच्या पायांनी घसरलेली माती दिसत होती. गफारनं नकाशावर बोट ठेवलं, घळीच्या डोक्याला वळसा घातला आणि उंची न सोडता डोंगराच्या पोटावरनं पळत राहिला. अंतर जास्त, पण चढ नाही. मिळणीवर पोचला तेव्हा तिथं बसलेल्या दत्तोपंतांनी घड्याळ पाहिलं आणि डोळे विस्फारले. हे दत्तोपंत तुळजापुरातल्या एका कचेरीत कारकून होते, मंडळाचं लिखाण तेच करायचे.

गफारनं सही केली. दत्तोपंतांनी वही आपल्याकडं फिरवली.

"मास्तर, हे काय? मुंग्या सोडल्या का कागदावर?"

"सही हाये माझी," गफार म्हणाला आणि पळाला. थट्टा वाटली त्याला. चौथ्या ठाण्यापर्यंत विसरूनही गेला. शेवटच्या चढावर छाती फुटायला आली, पण पाय थांबले नाहीत. सुभेदारांनी घड्याळ दाबलं. एक तास एकतीस मिनिटं. त्याच्यामागून सुटलेले सगळे परतले, त्यात सगळ्यात चांगली वेळ कल्याणप्पाची. एक तास अडतीस.

कल्याणप्पानं त्याला उचलूनच घेतलं. "सात मिनिटं, गफारभाई! सात!"

दुपारी मंडपात निकाल वाचला तो मंडळाचे चिटणीस वसंतराव यांनी. वकिली करायचे, बोलणं मऊ. पहिला कल्याणप्पा. दुसरं नाव बार्शीकडच्या कुणाचं. गफारला वाटलं, कागद खालून वर वाचतायत. मग वसंतराव म्हणाले, "श्री. गफार बाबामियाँ यांची तिसऱ्या ठाण्यावरची नोंद वाचता येत नसल्यानं त्यांना बाद करण्यात आलं आहे."

गफार उठून पुढं गेला. "काय वाचता येत न्हाय?"

"सही, मास्तर. आपली लिपी आमच्या माणसाला येत नाही."

"बाकीच्या चार ठाण्यांवर आली?"

"तिथल्यांनी हरकत घेतली नाही. दत्तोपंतांनी घेतली. नियम म्हणजे नियम."

"कुटं लिवलाय नियम? दावा मला."

वसंतरावांनी हसून इकडंतिकडं पाहिलं. "मास्तर, आता मराठी राज्य झालंय. निजामाचे दिवस गेले. थोडं आपणही बदलायला हवं."

मंडपात कुणीतरी हसलं. गफारनं टेबलावरची तिसऱ्या ठाण्याची वही ओढून उघडली.

"मराठी मलाबी येतं, वकीलसाहेब. मराठी शाळेच्या हेडमास्तरला चिठ्ठी मीच लिवतो. ही सही माझ्या नावाची हाये, माझ्या बापानं हात धरून शिकवलेली. आन् हे बगा." त्यानं पानावर बोट आपटलं. "हा अंगठा कुणाचा? आन् हा? दोन गड्यांनी अंगठे उठवल्यात. ते तुमाला वाचता आले? अंगठा मराठीत असतो का?"

वसंतरावांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "निरक्षराची गोष्ट वेगळी. कार्यकारिणीचा निर्णय झालेला आहे."

गफार सुभेदारांकडं वळला. "सुभेदारसाहेब, घड्याळ तुमच्या हातात हुतं. तुमी बोला."

सुभेदार ज्ञानोबा खुर्चीत ताठ बसले होते. मिशीवरून हात फिरवला आणि जमिनीकडं पाहत म्हणाले, "कार्यकारिणीपुढं माझं एकट्याचं चालत न्हाय, मास्तर."

"पलटणीत हुकूम चुकीचा असला तरी असंच खाली बगायचा का तुमी?"

सुभेदारांनी घड्याळ खिशात टाकलं.

आणि मग जे झालं ते गफारला जास्त लागलं. पुकारा झाला आणि कल्याणप्पा उठला. क्षणभर गफारकडं बघितलं, घुटमळला, पण गेला. वाकून नमस्कार केला आणि पितळी चषक दोन्ही हातांत घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गफार त्याच्याबरोबर मोटारीत बसला नाही. मागच्या मोटारीची दोन तास वाट बघितली. घरी आल्यावर सायराबीनं विचारलं, काय झालं. त्यानं पाण्याचा तांब्या अंगणात भिरकावला. सांगितलं ते दुसऱ्या दिवशी.

बाबामियाँ म्हणाले, "बेटा, दोन अक्षरं मराठीत लिहिली तर काय बिघडतं? तुला येतंय की."

"येतंय म्हणूनच न्हाय लिवणार, अब्बा. येत नसतं तर शिकलो असतो."

बाबामियाँ उठून आत गेले. आपलं ते बोलणं त्यांना स्वतःलाही आवडलेलं नव्हतं, हे गफारला दिसलं, आणि त्याचा राग आणखी वाढला.

चार दिवसांनी कल्याणप्पा आला. चषक घेऊन आला नव्हता, नुसताच आला. ओट्यावर बसला.

"पुलापाशी रोज वाट बगतो, गफारभाई. तुमी येत न्हाय."

"मी दुसऱ्या रस्त्यानं पळतो आता."

"माझं काय चुकलं? मी घेतला नसता तर तुमाला मिळाला असता का? बार्शीवाल्याला गेला असता."

"जाऊ द्यायचा हुतास."

"त्यानं काय झालं असतं?"

"तुझ्या हातात नसता दिसला मला!" गफार ओरडला. "दत्तोपंत परका, वकील परका. त्यांनी मारलं तर मी शिव्या देईन न् झोपेन. तुला माझ्या बापानं कणीक कापून रस्ता दावला. तू पळ म्हणालास तिथं मी पळालो, थांब म्हणालास तिथं थांबलो. आन् तू वाकून नमस्कार केलास त्या वकिलाला."

कल्याणप्पा उठला. चपला घातल्या. सायराबीनं आणलेला चहा तसाच राहिला.

वर्षभर गफार एकटा पळाला. सोलापूरच्या रस्त्याला, बोरी नदीच्या काठानं, उन्हाळ्यात पहाटे चारला, पावसाळ्यात चिखलात. चढावर पळायचं, चालत उतरायचं, पुन्हा पळायचं. कल्याणप्पानं शिकवलेलं सोडलं नाही, त्याचाही त्याला राग यायचा. रविवारी एकटाच नकाशा घेऊन डोंगरात जायचा. राग कमी होईल असं सायराबीला वाटलं होतं, तो झाला नाही. नुसता टणक झाला.

बासष्टच्या शर्यतीची पत्रकं आली, त्यात शेवटी नवा नियम छापलेला: सही मराठीतच करावी, निरक्षरांनी अंगठा उठवावा. गफारनं अर्ज भरला, सगळा मराठीत, वळणदार अक्षरात, आणि खाली सही उर्दूत केली. अर्ज परत आला. तो तरीही शर्यतीच्या दिवशी तुळजापूरला जाऊन सुटण्याच्या रेघेशी उभा राहिला.

"यांचं नाव यादीत नाही," वसंतराव म्हणाले.

"मला बक्षीस नको. नकाशा द्या. पळतो न् जातो."

"असं चालत नाही, मास्तर. उगाच तमाशा करू नका."

सुभेदार घड्याळ घेऊन उभे होते. वर्षभरात त्यांची मिशी पार पांढरी झाली होती. त्यांनी खिशातून स्वतःचा नकाशा काढला, ज्याच्यावरून बाकीचे सगळे उतरवून घेतले होते तो, आणि गफारपुढं धरला. गळ्यातलं होकायंत्र काढून दिलं.

"सुभेदार, हे नियमाला सोडून आहे," वसंतराव म्हणाले.

"व्हय. शेवटचा सुटंल तो. तयार ऱ्हा मास्तर."

गफार शेवटचा सुटला, कल्याणप्पाच्या पाच मिनिटं मागून. त्या दिवशी तो कसा पळाला हे त्याला पुढं नीट सांगता आलं नाही. पहिल्या ठाण्यावरच्या माणसानं सही करू दिली. दुसऱ्यानं वही मिटून घेतली, तर त्यानं ती उघडून सही केली. तिसऱ्यावर पुन्हा दत्तोपंत होते. त्यांनी नुसतीच पेन्सिल पुढं केली. कल्याणप्पाला त्यानं चौथ्या ठाण्याच्या खाली गाठलं आणि त्याच्याकडं न बघता पुढं गेला.

एक तास चोवीस मिनिटं.

दुपारी वसंतरावांनी पहिला म्हणून कल्याणप्पाचं नाव पुकारलं. कल्याणप्पा उठला, टेबलापाशी गेला, पण हात पुढं केला नाही.

"आदी सगळ्यांच्या वेळा वाचा," तो म्हणाला. "गेल्या सालच्याबी."

"त्याची गरज नाही."

"मग ठेवा ते भांडं."

सुभेदारांनी टेबलावरच्या दोन्ही सालच्या वह्या ओढल्या. उभ्यानंच, कवायतीच्या आवाजात, दोन्ही वर्षांच्या वेळा वाचल्या. एकसष्ट साल, गफार बाबामियाँ, एक तास एकतीस. बासष्ट साल, गफार बाबामियाँ, एक तास चोवीस. मग खाली न बघता म्हणाले, "गेल्या वर्षी मी बोलाय पायजे हुतं. बोललो न्हाय. ती चूक माझी हाये."

वसंतरावांनी वह्या काढून घेतल्या आणि मंडपातून निघून गेले. चषक टेबलावरच राहिला. कल्याणप्पानं तो उचलला आणि गफारपुढं आणला.

"नको मला," गफार म्हणाला. "भांड्यासाठी आलो न्हवतो. चार माणसांत वेळ वाचली, बास झालं."

"अजून राग हाये?"

"हाये."

मंडळानं पुढच्या वर्षापासून शर्यत बंद केली. खर्च झेपत नाही असं कारण दिलं. सुभेदारांनी मंडळ सोडलं. आपल्या वेळेचा निकाल कुठंच लिहिलेला नाही, याची चीड गफारला पुढं कितीतरी वर्षं यायची. कुणी विषय काढला की जेवता जेवता हात थांबायचा.

त्या दिवशी मात्र परतीच्या मोटारीत दोघं एकाच बाकड्यावर बसले. नळदुर्गचा फाटा आला. उतरताना गफार म्हणाला, "उद्या पळायचं असंल तर पुलापाशी ये. पण गेल्या सालचं मी विसरणार न्हाय, कल्याणप्पा. विसर म्हणूबी नको."

"न्हाय म्हणत," कल्याणप्पा म्हणाला. "किती वाजता?"

"पाचला. उशीर केलास तर थांबणार न्हाय."