टेल्फरला म्हणायचं सॉरी

आमच्या हॅगबर्न या खाणीच्या गावात ‘सॉरी’ हा शब्द माणसं कशालाही वापरतात. दुकानात पुढं सरकायचंय, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी? दुसऱ्यानं आपला पाय तुडवला तरी आपणच सॉरी. माझी बायको ऑड्री टेबलाला धडकली तर टेबलालाही म्हणते. कुणाला टाकून बोलायचं असेल तर आधी हाच शब्द येतो, “सॉरी हं, पण तुझा भाऊ गाढव आहे.” आणि खाणीत कुणी दगावला की त्याच्या बायकोचा हात धरून पुन्हा तेच. एकाच फडक्यानं भांडी पुसायची, फरशी पुसायची आणि डोळेही पुसायचे, असला प्रकार. मला चीड येते. पण दिवसातून पन्नास वेळा तो म्हणणारा मी, एकदा मनापासून म्हणायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली. कारण तो म्हणायचा होता कथबर्ट टेल्फरला, आणि टेल्फर मला डोळ्यांसमोर नको असायचा.

टेल्फर आणि मी एकाच खाणीत. खाणीमागच्या भाजीच्या वाफ्यांतही शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. आमच्याकडे पुरुषाची किंमत त्याच्या लीकवरून ठरते. ही कांद्याच्या भावकीतली भाजी, पण प्रदर्शन होईपर्यंत ती खायचं कुणी नाव काढत नाही. पोटरीएवढा पांढरा बुंधा व्हावा म्हणून बाप्ये बायकामुलांपेक्षा जास्त वेळ तिच्यापाशी काढतात. सप्टेंबरात खाणकामगारांच्या क्लबच्या हॉलमध्ये प्रत्येकानं तीन मांडायच्या आणि परीक्षकानं फीत लावून मोजायच्या. टेल्फर सलग चार वर्षं पहिला. कपाट, शिलाई मशीन, दोन घड्याळं, बक्षिसांनी त्याच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मी चारही वर्षं दुसरा. दुसऱ्याला ब्लँकेट मिळतं. आमच्याकडे चार ब्लँकेटं होती.

त्या वर्षी प्रदर्शनाला आठ दिवस असताना शनिवारी सकाळी वाफ्यावर गेलो, तर माझी सगळ्यात मोठी लीक वरपासून खालपर्यंत उभी चिरलेली. शेजाऱ्याच्या लीकवर चाकू चालवणारे आमच्याकडे आजोबांच्या काळापासून आहेत. त्या भीतीनं लोक वाफ्यावरच्या खोपटात झोपतात. मी दुसरा विचारच केला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. तसाच क्लबात गेलो आणि बिअरचे पेले हातात धरलेल्या तीस माणसांसमोर ओरडलो, “टेल्फरनं माझी लीक कापली!”

रविवारी सकाळी टेल्फरचा वाफा बुटांनी तुडवलेला होता. एकही लीक उभी नव्हती. काचघर फोडलं होतं आणि आतले तुरेही चिरडले होते. ते तुरेच खरे मोलाचे. गेल्या वर्षीची उत्तम लीक राखून ठेवली की तिला तुरा येतो, तुऱ्यावर पिलं धरतात आणि तीच पुढच्या वर्षी लावायची असतात. टेल्फरच्या बापानं तीस वर्षं निवडून निवडून तो वाण धरला होता. तुरे गेले म्हणजे वाण संपला.

सोमवारी परीक्षक एडी प्रुडो माझी चिरलेली लीक बघायला आला.

“नॉर्मन, काय काय पाजलंस हिला?”

“नेहमीचंच. साखर, काळी बिअर, मेंढीच्या लेंड्यांचं पाणी.”

“आणि गुरुवारी धो धो पाऊस.” त्यानं बोटानं चीर उकलली. “कड बघ. आतून बाहेर फाटलीय. चाकू आतून येतो का, लेका? खाऊ घालून घालून तूच फोडलीस तिला.”

त्याच संध्याकाळी मी भिंतीपाशी गेलो. टेल्फर काचा गोळा करत होता.

“टेल्फर, ते... सॉरी.”

“कुणाला म्हणतोयस? सकाळी बसमध्ये तू एका बाईच्या पिशवीला सॉरी म्हणालास. मी मागंच होतो.”

“माझी चूक झाली. ती आपोआप फुटली होती.”

“अस्सं! आणि माझ्या? त्याही आपोआप तुडवल्या गेल्या?”

“मी हात लावला नाही तुझ्या वाफ्याला.”

“नाहीच लावलास. तू नुसता भुंकलास. चावायला दुसरे आले.” तो सरळ उभा राहिला. “माझा बाप माझ्याशी बोलला नसेल एवढा या वाणाशी बोलला. तो वाण मेला आता. तुझं सॉरी घरी घेऊन जा आणि दाराला म्हण.”

घरी ऑड्री बटाटे सोलत होती.

“म्हणालास?”

“म्हणालो. हाकललं त्यानं.”

“हाकलणारच. त्याला शब्द चाटायचाय का? त्याला वाण हवाय. आणि तो कुठं आहे ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे.”

होता माझ्या काचघरात. सांगूनच टाकतो. सात वर्षांपूर्वी टेल्फर खाली खाणीत असताना मी त्याच्या काचघरात शिरलो, तुऱ्यावरची नऊ पिलं खुडली आणि टोपीत घालून आणली. तेव्हापासून माझी प्रत्येक लीक त्याच्या बापाच्या वाणाची. चोराला सगळे चोरच दिसतात म्हणतात ते खोटं नाही. चीर दिसताच मला टेल्फर आठवला तो उगाच नव्हे.

क्लबाचा नियम साफ होता. वाण चोरला की नाव कायमचं कमी. मग बिअर नाही, डॉमिनो नाही, नाताळचं जेवण नाही. गावात दुसरा क्लब नव्हता, आणि क्लबाबाहेरच्या माणसाशी कोण बोलणार?

म्हणून मी आधी स्वस्तातला मार्ग धरला. दोन भरदार तुरे बादलीत घालून टेल्फरच्या फाटकापाशी गुपचूप ठेवून आलो. संध्याकाळी बादली माझ्या शेणखताच्या ढिगावर पालथी पडलेली, तुऱ्यांसकट. त्यानं नीट पाहिलंही नव्हतं. बादली माझी आहे, एवढं त्याला पुरेसं होतं.

“दुसऱ्या नंबरचं बेणं नको मला!” भिंतीपलीकडून आवाज आला.

“आता तोंडानं सांगावं लागणार,” ऑड्री म्हणाली.

“क्लब जाईल.”

“जाऊ दे. नाहीतर तू बस डॉमिनो खेळत आणि त्याचा वाण चोरीचाच राहू दे.”

तुरे धुतले. पिलं शाबूत होती.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. टेल्फर मर्तिकाला घालतो तो काळा सूट घालून मागच्या भिंतीला टेकून उभा होता, हात रिकामे. वाफा तुडवणारे तिघं बारपाशी पेल्यात डोकं घालून होते. त्यांना सगळे ओळखून होते, पण त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मी तुरे उचलून मंचावर चढलो. तोंडातून पहिला शब्द निघाला तो हाच: “सॉरी, जरा ऐकता का?” स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग मात्र सगळं सांगितलं. फुटलेली लीक, खोटा आळ, सात वर्षांपूर्वीची टोपी, नऊ पिलं. एडी प्रुडोनं भिंतीवरच्या सभासदांच्या यादीतल्या माझ्या नावावर पेन्सिलीनं रेघ मारली, तिची करकर मला मंचावर ऐकू आली.

टेल्फर पुढं आला. त्यानं तुरे माझ्या हातातून काढून घेतले, एक पिलू खुडलं आणि दिव्याखाली धरलं. बुडाशी त्याच्या बापाच्या वाणाची खूण, जांभळं कडं होतं. मला वाटलं, आता हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“सात वर्षं,” तो म्हणाला.

“हो.”

“माझ्याच बापाचा वाण. भिंतीपलीकडं तीच माती. तोच पाऊस.”

“हो.”

“आणि तरी दुसरा?”

सगळा हॉल हसला. आधी बारपाशी, मग खुर्च्यांवर, मग परीक्षकांच्या टेबलापाशी. टेल्फर हसला नाही. तो तुरे छातीशी धरून दाराकडं निघाला आणि लोक त्याला वाट देत गेले. मी मंचावरून खाली बघितलं, तर तिसऱ्या रांगेत ऑड्री डोळे पुसत होती. तीही हसत होती.