चादरीखाली

"अरे लबाडा, पडतोच तो! दर वेळी खालीच पडतो!" मी चमचा उचलून पुन्हा नातवाच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चमचा टाकला आणि वाकून बघत बसला. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बटण दाबलं की लिफ्ट आली पाहिजे, नाही आली तर कुठंतरी वायर गेलीय, इतकं सरळ काम. बायको गेल्यावर या पोराला सांभाळायला काम सोडून घरी बसलो, तर इथं माझं डोकंच चालेना.

"शिकतोय तो, बाबा," सून कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "डोळ्याआड गेलेली वस्तू कुठंतरी असते, हे आत्ता कुठं कळायला लागलंय त्याला."

मला विचारायचं होतं ते वेगळंच. बायको गेली त्या दिवशी तिच्या तोंडावर चादर ओढली, तेव्हा हा सुनेच्या कडेवर खदखदून हसला होता. सगळे रडतायत आणि हा हसतोय! माझं टाळकंच सटकलं. तेव्हापासून त्याला जवळ घ्यायला मन होत नव्हतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

"त्या दिवशी तो का हसला गं?" शेवटी विचारलंच.

सुनेचे हात थांबले. "तुम्ही कामावर असायचात ना. आई रोज तोंडावर चादर घेऊन त्याला 'भोऽ' करायच्या. तो वाट बघत होता, बाबा."

मी खाली पडलेला चमचा उचलला. "मग... आठवते का त्याला ती?"

"कुणास ठाऊक. एवढ्याशा जिवाला किती दिवस आठवणार?"

तेवढ्यात नातू रांगत बायकोच्या पलंगाशी पोचला. धरून धरून उभा राहिला आणि चादरीचं टोक ओढलं. खाली नुसती गादी. त्यानं टोक सोडलं, पुन्हा उचललं, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"नाही रे सोन्या, नाहीये ती तिथं," मी म्हणालो. त्याला कळलं की नाही, देव जाणे. मला तरी कुठं नीट कळलं होतं?

सून घड्या घेऊन आत गेली. मी त्याला कडेवर घेतलं, चादर सारखी केली. मग एक टोक हळूच उचलून पाहिलं.