गोळीवरची सरपंच

माझी बायको कोंडाबाई लोणीच्या पुढच्या आमच्या छोट्या गावाची सरपंच झाली, कारण जागा बाईसाठी राखीव होती. उपसरपंच गेणभाऊंनीच तिचं नाव पुढं केलं. ही सह्या करील आणि कारभार आपण बघू, असा त्यांचा हिशेब. पहिल्याच महिन्यात कोंडाबाई म्हणाली, "वाचल्याबगर मी सही करणार न्हाई." तिथंच बिनसलं.

दीड वर्षानं, अठ्ठ्याण्णव साली, तिला बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण शेजारून गेलेली म्हैस कळायची नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आली होती. कॅन्सर नव्हता, पण गाठ नजरेच्या शिरा दाबत होती. नाकातून ऑपरेशन करून ती काढली. नजर बरीचशी परत आली. ग्रंथी मात्र थकली ती थकलीच. अंग उभं राहायला जो रस लागतो, तो बनवायचा हुकूमच तिच्याकडून सुटेना. त्याच्याऐवजी रोज सकाळी गोळी, जन्मभर.

"एक दिवससुद्धा चुकवायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. "ताप आला तर दुप्पट. गोळी उलटून पडली तर ताबडतोब इंजेक्शन. नाहीतर जिवावर बेतेल." हे सगळं त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

गेणभाऊंना आयतंच सापडलं. "डोकं फाडलेली बाई, गोळीवर चालती, तिच्या हातात गाव कसं द्यायचं?" असं ते दूध डेअरीवर उघड बोलू लागले. तहसीलदारांकडं अविश्वास ठराव गेला. पंचायतीच्या सात सदस्यांपैकी पाच जणांची मतं लागत होती आणि पाच सह्या त्यांच्याकडं होत्या.

मला गाठून ते म्हणाले, "सोपानराव, राजीनामा द्यायला लावा. इज्जत ऱ्हाईल."

खरं सांगतो, मी राजीनामा लिहून घरी नेला होता. कोंडाबाईनं तो नीट वाचला आणि चुलीत घातला. "आजारी मी हाय," ती म्हणाली, "तुमी कशापायी लाजताय?"

ठरावाच्या सभेच्या दिवशी पहाटे तिला हुडहुडी भरली. अंग तापलं. तिनं दोन गोळ्या घेतल्या, त्या उलटून पडल्या. पुन्हा घेतल्या, पुन्हा पडल्या. ओठ पांढरे झाले.

"निज आता," मी म्हणालो. "सभा गेली खड्ड्यात."

"जीप बोलवा," ती म्हणाली.

लोणीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं नाडी बघितली. "अशक्तपणा आहे. सलाईन लावू."

कोंडाबाईनं चिठ्ठी त्याच्यापुढं धरली. "सलाईन लावा, पर आधी हे इंजेक्शन द्या."

"मावशी, ते स्टिरॉईड आहे. कुणी मागितलं म्हणून देत नसतात."

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. "माझं अंग ते बनवीत न्हाई. चिठ्ठीवर नंबर हाय, पुण्याला इचारा. तवर मी हितनं हलत न्हाई."

त्यानं फोन लावला. दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि फोन ठेवायच्या आतच नर्सला इंजेक्शन भरायची खूण केली. दोनेक तासांत कोंडाबाईच्या ओठांवर रंग आला. दिवसभर इथंच थांबा, असं डॉक्टर परोपरीनं सांगत होता. "सभा झाली की येते," ती म्हणाली. हातातली सुई तशीच चिकटवून घेतली आणि जीपमध्ये बसली.

अकराला तहसीलदारांनी सभा सुरू केली. गेणभाऊ उठले. "साहेब, बाईच्या हाताला सुई बगा. डोक्याचं ऑपरेशन झालंय, ध्यान ठिकाणावर न्हाई."

उभं राहायची ताकद कोंडाबाईत नव्हती. ती बसूनच बोलली.

"ऑपरेशन नाकातनं झालंय. डोकं हाय तिथंच हाय. गोळी खाती, मरंस्तवर खाणार. गेणभाऊबी शुगरची गोळी खात्यात, ती मी कधी चावडीवर काढली न्हाई. माझ्या कामात चूक दावा, आत्ता उठते. गोळी दावून मला कुणी उठवायचं न्हाई."

तहसीलदारांनी हात वर करायला सांगितले. चार हात वर गेले. पाचवी सही पंचायतीतल्या दुसऱ्या बाई सदस्याची, अंबाबाईची होती. गेणभाऊ तिच्याकडं बघत राहिले. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"सही माझ्या दिरानं घेतली," ती तहसीलदारांना म्हणाली. "हात माझा हाय."

ठराव पडला. मी कोंडाबाईला तसंच दवाखान्यात नेलं. तिथं ती दोन दिवस होती.

तिनं मुदत पुरी केली. पाळी कायमची गेली, थंडी सोसेना, दुपारी चारनंतर पाय उचलेनात. पंचायतीच्या सभा तोवर संध्याकाळी भरायच्या. तिनं ग्रामसेवकाला नोटीस काढायला लावली, इथून पुढं सभा सकाळी नऊला.

"ही काय वेळ हाय?" गेणभाऊ म्हणाले. "धारा, डेअरी, पाणी धरणं, सगळं तवाच असतं."

"माझी ताकदबी तवाच असती," कोंडाबाई म्हणाली. "ज्याला गावाचं काम हाय त्यानं यावं."

पहिल्या सभेला ते दहाला आले. तोवर निम्मे विषय उरकले होते. पुढच्या महिन्यापासून नऊला हजर.