राणीचं पाणी

एकार्ट घर सोडून गेला तेव्हा सायकल आणि कॉफीचं यंत्र घेऊन गेला. मुंग्या मात्र माझ्या गळ्यात मारल्या. "नव्या घरात सोय झाली की नेतो," म्हणाला. आठशे काळ्या मुंग्या आणि त्यांची तेरा वर्षांची राणी! आमच्या लग्नाच्या वर्षी, ऐन जूनमध्ये, ती त्याला टेकडीवरच्या लाकडांच्या ढिगात सापडली होती. मुंग्या पाळणाऱ्यांच्या मंडळात तो तिच्यावर भाषणं ठोकायचा. "थंडीभर या झोपतात, यांना काही लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवा, दार लावा, मार्चमध्ये उघडा." लोक माना डोलवायचे.

काही लागत नाही म्हणे! सप्टेंबरात त्यांना पोटभर मधाचं पाणी पाजायचं, मग आधी खिडकीपाशी, नंतर जिन्यात, नंतर तळघरात ठेवून हळूहळू गारव्याची सवय लावायची, आणि मग जुन्या फ्रिजमध्ये. दर रविवारी दार उघडून हवा द्यायची. डब्यात कापसाचं बूच लावलेली पाण्याची काचनळी असते, ती आटत आली की दुसरी लावायची. मुंगी झोपली तरी तिला तहान असतेच, पाणी संपलं की जागच्या जागी वाळून जाते. हे सगळं मी करायची. तेरा हिवाळ्यांत एकार्ट तळघरात उतरला तो फक्त बिअर आणायला.

यंदा हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण त्या राणीने माझं काय घोडं मारलं होतं? केलं सगळं, नेहमीसारखं.

नोव्हेंबरात तो आला, सोबत त्याची नवी मैत्रीण स्वेन्या.

"अल्मुटबाई, केवढा खडखडतो हो तुमचा फ्रिज!" स्वेन्या म्हणाली. "आम्ही नवा घेतलाय, खास मुंग्यांसाठी. आत बर्फ साचतच नाही."

बर्फ साचत नाही, कारण आत सतत पंखा फिरतो आणि हवा कोरडी करतो. नळी पंधरा दिवसांत आटते. मंडळातल्या एका म्हाताऱ्याच्या मुंग्या अशाच गेल्या होत्या. त्याची बायको माझ्यापाशी येऊन रडली होती. नवरे असल्या गोष्टी मंडळात बोलत नाहीत.

"तू काळजी करू नकोस गं," एकार्टने मुंग्यांचा डबा गार टॉवेलात गुंडाळला. "तेरा वर्षं सांभाळल्यात मी."

"यांचा हातच तसा आहे," स्वेन्या कौतुकाने म्हणाली.

आयत्या बिळावर नागोबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दारात तो थांबला. "आणखी काही सांगायचंय?"

एक वाक्य होतं. पाणी बघत जा, एवढंच.

"नाही," मी म्हटलं. "तुला सगळं येतंच की."

पुढच्या रविवारी फोन उचलला आणि ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारीही. मंडळासमोर त्याचं तोंड कसं पडेल याचं चित्र मी रंगवत बसले होते. ते चित्र मला फार आवडत होतं. ख्रिसमसनंतर मी फोनकडे बघणंही सोडलं.

मार्चमध्ये त्याचाच फोन आला. आवाज अगदी मोकळा होता.

"अगं, मुंग्या गेल्या सगळ्या. तुला कळवावं म्हटलं."

"राणी?"

"तीही. म्हातारीच झाली होती गं, कधीतरी जायचीच. जूनमध्ये नवी पकडू, स्वेन्याला हौस आहे. तू बरी आहेस ना?"

मी बरी आहे म्हटलं.

त्याचं काहीच गेलं नव्हतं. तेरा वर्षं जिला पाणी दिलं तिला मी तहानेने मारलं होतं, आणि तिच्यासाठी रडणारी या गावात मी एकटीच होते.