निम्म्या विजेचा आवाज

टेबलाखालच्या खोक्याला पाय लागला आणि विल्फ ऑर्मरॉडने वाकून आत पाहिलं. गिटारच्या अॅम्प्लिफायरसाठी त्याने मुद्दाम बांधलेला ट्रान्सफॉर्मर त्यातच राहिला होता. इंग्लंडातल्या बर्न्लीच्या चार पोरांचा बँड तर कालच रेकॉर्डिंगसाठी विमानाने शिकागोला गेला होता. तिथली वीज इथल्यापेक्षा निम्म्या दाबाची. ट्रान्सफॉर्मरशिवाय यंत्राचा घसाच बसणार.

तीस वर्षं विल्फने रेडिओ दुरुस्त केले ते एकाच हट्टाने: आवाज कसा स्वच्छ हवा! बँडचा गिटारवाला डेरेक त्याचा भाचा. जाताना म्हणाला होता, "मामा, दौरा मिळाला की तुलाच बोलावतो. यंत्रांना हात लावायला दुसरं आहे कोण?" आयुष्यात जवळच्या ब्लॅकपूलपलीकडे न गेलेल्या विल्फने पासपोर्ट काढला, बॅगही भरून ठेवली. आणि आता हा घोळ.

त्याने डेरेकला तार केली. तीन दिवस त्याचा पाय दुकानात ठरेना. तारांना डाख देताना दोनदा बोट भाजलं, चहाचे कप तसेच गार झाले.

चौथ्या दुपारी फोन आला. मोजून तीन मिनिटांचा कॉल.

"डेरेक, चूक माझीच रे! आजच पार्सल टाकतो—"

"नको, नको! अरे, निम्म्या विजेवर गिटार असली फाटून वाजली, आम्ही तर गारच पडलो. पण रेकॉर्डिंगवाला उड्या मारायला लागला! म्हणे, हाच आवाज पाहिजे!"

"बरं झालं की. मग मी कधी निघू?"

"मामा... आता दुरुस्त करायचं तरी काय राहिलंय?"

विल्फला ते फार लागलं. बॅग मात्र त्याने लगेच रिकामी केली नाही.

दोन महिन्यांनी शेजारच्या एंटविसलबाई रेडिओ पोटाशी धरून आल्या.

"परवाच दुरुस्त केलास ना रे? मग तुझ्या भाच्याचं गाणं असं खरखरतंय का? अमेरिकेत पहिला नंबर म्हणे, अन् आमच्या नशिबी ही खरखर!"

विल्फने पाठचं झाकण उघडलं, आतला एकेक काचेचा व्हॉल्व्ह तपासला. बातम्या स्वच्छ लागल्या. मग ते गाणं लागलं. त्याने ते उभ्याउभ्याच शेवटपर्यंत ऐकलं.

"रेडिओ चांगलाय, बाई. गिटारच तशी वाजतेय."

"अगंबाई! मुद्दाम? कुणी केलं हे?"

विल्फने झाकणाचे स्क्रू सावकाश आवळले.

"मी," तो म्हणाला, आणि रेडिओ फडक्याने पुसून त्याने बाईंच्या हातात दिला.